उसनी पिन

वत्सला गेल्याची बातमी खालच्या वाण्याच्या फोनवर आली. तो जिन्यातूनच ओरडला, ‘बाई, मुलुंडहून फोन!’ मुलुंड म्हटल्यावर मला वाटलं, तीच असणार, माझी उसनी नेलेली पिन परत द्यायला येते म्हणून सांगत असेल. फोनवर तिच्या इमारतीतला कोणी गृहस्थ होता. दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध साचत गेलं, वास सुटला, तेव्हा दूधवाल्यानं आरडाओरडा केला आणि मग दार फोडलं. ‘आम्हाला वाटलं, गावी गेल्या असतील,’ तो म्हणाला. मी त्याच्यावर अशी भडकले...! त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ज्या बाईनं आमच्या चाळींत भरदुपारी एक दार बंद राहू दिलं नाही, तिच्याच दारावर कोणी टकटक करू नये? महिना होऊन गेला, माझा राग काही उतरत नाही.

वत्सला परब मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. एकुलत्या मुलाला वाढवत ती जोगेश्वरीला आमच्या मागच्या चाळीत राहायची. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. गिरण्यांचा संप लांबला, घराघरांची वाट लागली, तेव्हा आसपासच्या चाळींतल्या महिला मंडळांची तिनं मोट बांधली. मोट कसली, भांडणांचं गाठोडं! बैठक कुणाच्या ओटीवर घ्यायची यावरून रुसवेफुगवे, ‘आमच्या चाळीतलं आमचं आम्ही बघू’ म्हणून फणकारे. वत्सला सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, ‘झाला तुमचा? आता कामाचा बोला.’ काम तसं साधं होतं. पालिकेचा दवाखाना, बालवाडी, शिवणवर्ग, दारू सोडवणारी माणसं, कुठे काय मिळतं ते आम्हाला ठाऊक होतं. गरज कुणाला आहे तेही दिसत होतं. या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच... आणि तिथेच आम्ही आपटलो.

संपात घरी बसलेल्या एका कामगाराकडे आम्ही तांदूळ-डाळ घेऊन गेलो. एकीला पाठवलं असतं तर भागलं असतं. पण मान प्रत्येक मंडळाला हवा ना! म्हणून हळदीकुंकवाला निघावं तशा साऱ्या घोळक्यानं मिरवत गेलो. अख्खी चाळ बघायला बाहेर उभी. त्याच्या बायकोनं आमच्या तोंडावर दार लावलं, आणि थोड्याच दिवसांत ते बिऱ्हाड गावी निघून गेलं. त्या कुलपासमोर उभी राहून वत्सला म्हणाली, ‘आपण तिका भिकारीण केली गो.’

त्यानंतर तिनं द्यायला जाणंच सोडलं. ती मागायला जायची. काय, तर स्टोची पिन. रॉकेलचा स्टो तेव्हा घरोघरी. बर्नरचं भोक काजळीनं बुजलं की बारीक तारेची ती पत्र्याची पिन घालून मोकळं करायचं. पिन नाही असं घर नव्हतं. चाळीत दिवसा दारं उघडीच असायची, त्यामुळे भरदुपारी एखादं बंद दिसलं की शेजारणीनं ते वाजवायचं, एकटीनं, रिकाम्या हातानं, असा वत्सलाचा नियम. ‘पिन आहे काय गो?’ आतली बाई उठून पिन देईपर्यंत स्टो पेटलाय की गार आहे ते दिसायचंच. आणि उसनी पिन परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. देणारी ती, मागणारी आपण. मग तिला बोलायला जड जात नसे.

लता अशीच सापडली. नवऱ्याचं मरोळच्या कारखान्यातलं काम सुटलेलं, हिला टीबी. कुणाला कळू नये म्हणून दार लावून, तोंडात पदर कोंबून खोकायची. वत्सलानं तिची पिन कितीदा नेली आणि कितीदा परत केली देव जाणे, पण एकदाची लता रडली. मग त्याच आजारातून उठलेली दुसऱ्या चाळीतली बाई तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ लागली, पोरं पलीकडच्या बालवाडीत रमली. लता बरी झाली. आता बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं तीच भांडते.

पुढे वत्सलाचा मुलगा दुबईला लागला आणि त्यानं आईसाठी मुलुंडला ब्लॉक घेतला. आम्हाला केवढं कौतुक! गॅस, स्वतःचा नळ... मीही नवरा गेल्यावर बोरिवलीला आले, एकटीच. एकदा ती आली, दिवाणावर पाय वर घेऊन बसली. ‘शालन, तिकडे सगळी दारं बंद गो, दिवसाढवळ्या! पहिल्या आठवड्यात मी वेड्यासारखी सगळ्यांच्या बेल दाबत सुटले. कोण आजारी नाय, कोण उपाशी नाय. सगळी आपली जेवून झोपलेली!’ आम्ही पोट धरधरून हसलो. मग डोळे पुसत ती म्हणाली, ‘पिन मागितली तर म्हणतात, मावशी, आमच्याकडे गॅस आहे.’

निघताना ती दारात थबकली. ‘तुझ्याकडे आहे काय गो पिन?’

‘तुला कशाला? तुझ्याकडे पण गॅसच आहे ना?’

‘आहे काय ते सांग.’

जुन्या डब्यात शोधून मी ती दिली. रुमालात गुंडाळून तिनं पिशवीत टाकली. ‘परत द्यायला येईन हां,’ म्हणाली. ती आमची शेवटची भेट.

मुलगा दुबईहून आल्यावर मी मुलुंडला गेले. स्वयंपाकघरात, गॅसच्या वर खिळ्याला माझी पिन लटकत होती. ‘हे काय, मावशी?’ त्यानं विचारलं. माझी आहे म्हटल्यावर त्यानं ती काढून माझ्या हातात ठेवली. घरी आणून मीही ती गॅसच्या वरच अडकवली. पिन परत आली. आता वत्सलाला माझ्याकडे यायचं काही कारण उरलं नाही... फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

हल्ली दुपारी मी दार उघडंच ठेवते. समोरची नवी सून भली पोर आहे. परवा म्हणाली, ‘मावशी, तुमचं दार उघडं राहिलंय. ओढून घेऊ का?’

‘नको गं, राहू दे. आणि कधी बंद दिसलं ना, तर वाजव. सरळ पिन मागायची.’

‘कसली पिन?’

‘ये ना आत, दाखवते.’

‘नंतर येते हां मावशी, दूध ठेवलंय गॅसवर,’ म्हणत ती आत गेली आणि तिचं दार लागलं. ती आली की हाताशी असावी म्हणून मी पिन खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली. अजून तिथेच आहे.