कोरडे कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगू शकतोय, कारण सांगताना तुमच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फार्मसीचं पुढचं शिक्षण घेताना सरांनी काम दिलं — आमच्या भागातल्या एका झाडाच्या पाल्याचा अर्क मिरगीवर चालतो का, ते उंदरांवर तपासायचं. झाडाचं नाव लिहीत नाही. भीती वाटते.

उंदराच्या दोन्ही कानांना चिमटे लावून क्षणभर वीज द्यायची. त्याला फिट येते, मागचे पाय ताठ होतात. अर्क पाजलेल्याचे पाय ताठ झाले नाहीत, तर औषध चाललं म्हणायचं. फक्त कान आधी मिठाच्या पाण्यानं ओले करायचे — कोरड्या कानांतून वीज नीट जात नाही.

अर्क पाजलेल्या उंदरांच्या वेळी मी ते विसरलो. खरंच विसरलो. पाय ताठ झाले नाहीत. सरांनी पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी कान ओले करायचा कापसाचा बोळा कोरडाठाक दिसला. गुपचूप एकाला पुन्हा अर्क पाजला आणि कान ओले करून पाहिले — पाय काठीसारखे. दुसऱ्याचेही तसेच. मग सरांकडे जायला नको होतं का? नाही गेलो. पुढच्या खेपेला त्यांच्यासमोरच कान कोरडे ठेवले — या वेळी विसरून नाही.

उमापूरला, आमच्या गावात, विहारात माझा सत्कार झाला. माईकवर कुणीतरी म्हणालं, "आपल्या पोरानं मिरगीचं औषध शोधलं!" मी हसलो. खाली उतरलो तर सुमनकाकू उभी — माझी चुलती. तिच्या मुलीला, पूजाला, लहानपणापासून फिट येतात.

"दादा, आपल्या पूजाला चालंल का रं हे? त्या गोळ्यांनी लई झोपती ती."

मी मान हलवली. हो म्हणून. लोक बघत होते — पण ते काही कारण नव्हे.

काकूनं गोळ्या बंद केल्या, पाला उकळून द्यायला लागली. मग पूजाला फिट आली ती थांबेचना. बीडला नेलं. वाचली. पण अजून बोलता बोलता शब्द शोधत राहते. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू माझ्यापुढं रडली, "माझंच चुकलं बाबा. पाला कच्चा राहिला आसंल."

आणि मी — मी म्हणालो, "होतं काकू असं."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. काल काकूचा फोन आला. "परत तुझाच पाला देते म्हणते. आता चांगला आटवीन. गोळ्या उद्यापासून बंद."

"बंद करू नको," माझ्या तोंडून निघालं. "मी येतोय."

"कावून रं? काय झालं?"

मी फोन ठेवला.

आता गेवराईच्या स्टँडवर उमापूरच्या बसची वाट बघत हे लिहितोय. काकूला वाचता येत नाही; तिला तोंडानंच सांगावं लागेल, पूजाच्या देखत. आणि मी तोंड उघडायच्या आधी ती मला हातपाय धुवायला लावेल, ताट वाढेल, आणि शेजारी बसून म्हणेल — जेव आधी, मग बोल.