बाहेरचा हात

"काकू, पाणी नको! आत पाणी नको!" मी ओरडले.

काकूंचा हात थांबला नाही. आंब्याचं पान वाटीत बुडालं आणि कम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटवर झटकलं गेलं. परत बुडालं. परत झटकलं. थेंब ग्राफिक्स कार्डावर पडले, तिथून ओघळून खाली मदरबोर्डवर गेले.

"पाणी नाहीये ते," काकू म्हणाल्या. "गोमूत्र आहे."

मग आदल्या दिवशी मी बसले होते त्या खुर्चीवर. मग कीबोर्डवर. मग माऊसवर.

दसऱ्याचा दिवस होता. घोडबंदर रोडवरचा टॉवर, माझी वर्गमैत्रीण सानिका हिची खोली. तिचे वडील नारळ धरून उभे होते. सानिका मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. पाटावर काकांचा लॅपटॉप होता, गाडीची किल्ली होती, सानिकाचा चित्रं काढायचा टॅबलेट होता. सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. शिंपडणं मात्र त्यांच्यापैकी कशावरच झालं नाही.

मी विचारलं. भांडायला नाही. खरंच कळलं नाही म्हणून विचारलं.

"लॅपटॉपवर नाही शिंपडलंत?"

"तो घरातलाच आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "ह्याला बाहेरचा हात लागलाय ना."

ते कार्ड कुठल्या तरी परदेशातल्या कारखान्यात बनलं. गोदामात फिरलं, दुकानात आलं, डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरून या खोलीत आलं. किती हात लागले असतील त्याला. ते कुणाचे, हे काकूंनी विचारलं नव्हतं. माझं आडनाव मात्र आदल्या दिवशी विचारलं होतं.

आम्ही दोघी ठाण्याच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहेत, कंत्राटावर. आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. आम्ही टिटवाळ्याला चाळीत राहतो. घरी कम्प्युटर नाही. मी जे शिकले ते कॉलेजच्या लॅबमध्ये, मोडीत काढलेली मशीन उघडून आणि परत जोडून. बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून. वर्गात कुणालाही कम्प्युटर घ्यायचा असला की मला विचारतात. मला त्याचा अभिमान वाटायचा. कुणी काही विचारलं की मला आपण तिथे असायला हरकत नाही असं वाटायचं.

सानिकाला गेम खेळायचे होते आणि डिझाइनही करायचं होतं. एकाच मशीनवर दोन्ही म्हटलं की ओढाताण होते. गेमला झरझर हलणारा पडदा लागतो, चित्राला रंग खरा दाखवणारा. तिला काचेचं कॅबिनेट हवं होतं, रंग बदलणारे दिवे हवे होते, पाण्यावर चालणारा कूलर हवा होता.

"अगं, किती भारी दिसतं ते!" ती म्हणायची.

"दिसतं. पण गळलं तर सगळं जाईल," मी म्हणायचे. "साधा पंख्याचा घे. आणि आधी पॉवर सप्लाय चांगला घे. दिवे नंतर लाव."

"तू ना, माझ्या आज्जीसारखी आहेस."

शेवटी तिने बहुतेक ऐकलं. जास्त मेमरीवालं कार्ड घेतलं, कारण थ्रीडीचा मोठा सीन उघडला की कमी मेमरीचं कार्ड गुडघे टेकतं. मॉनिटर रंग खरे दाखवणारा घेतला. मॉनिटरसाठी मी हट्ट धरला होता, आणि त्यात माझा स्वार्थ होता. आमचं ठरलं होतं: भाग मी निवडायचे, जोडायचेही मीच. मग माझ्या परीक्षेच्या फिल्मचं काम मी तिच्या घरी येऊन त्याच मशीनवर करायचं. माझी फिल्म डोंबिवलीच्या कंपन्यांमागच्या नाल्यावर आहे. त्याचं पाणी कधी जांभळं असतं, कधी हिरवं, कधी शेंदरी. लॅबच्या जुन्या पडद्यावर ते सगळे रंग राखाडी दिसतात आणि मोठा सीन उघडला की मशीन बंदच पडतं. ते मशीन मिळालं असतं तर माझी फिल्म पूर्ण होणार होती. नाहीतर नाही. एवढं सरळ होतं ते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन सगळं जोडलं. काकूंनी पोहे दिले. वरून ओलं खोबरं, लिंबाची फोड. प्रेमाने दिले. म्हणून तर मला काही कळलं नाही.

"कुठल्या गं तुम्ही?"

"साताऱ्याकडच्या."

"अय्या, माझं माहेर तिकडचंच! आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"अच्छा. अच्छा." थोडं थांबून, "मग तुमच्याकडे गणपती नसतो ना?"

"नाही काकू. आम्ही बौद्ध."

"हो हो. असतं एकेकाचं. आणखी घे ना पोहे."

जोडून झाल्यावर मला मशीन एकदा चालू करून बघायचं होतं. जोडणारा कुणीही तेच करतो. काकू म्हणाल्या, "आज नको हं. उद्या मुहूर्तावर पूजा झाल्यावरच बटण दाबायचं." मी म्हटलं, ठीक आहे. काच लावायला घेतली, तर म्हणाल्या, "ती पण राहू दे. आतल्यालाही हळद-कुंकू लावायचंय." मी म्हटलं, "काकू, बाहेरूनच लावा, प्लीज." त्या हसल्या. सानिका म्हणाली, "उद्या ये हां नक्की. तुझ्याशिवाय चालू नाही करायचं."

आमच्याकडे तो दिवस वेगळा असतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी धम्म दिला. पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जातो, वंदना होते, जेवण होतं, दिवसभर माणसं येत राहतात. आई म्हणाली, "आजच जायला पाहिजे का?" मी म्हटलं, "मशीन पहिल्यांदा चालू होणार आहे, आई." वंदना झाल्या झाल्या निघाले. तशीच, पांढऱ्या ड्रेसमध्ये.

दार उघडून काकू बघत राहिल्या. "सणासुदीला पांढरं?"

त्यानंतर ते आंब्याचं पान.

सानिकाने बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. सानिकाने टाळी वाजवली. मग काहीतरी चटचटलं, जळका वास आला आणि सगळं विझलं.

काकांनी नारळ खाली ठेवला. "काय केलंस तू?"

मला विचारत होते.

"नीट चेक केलेलंस ना काल?"

"चालू करूच दिलं नव्हतं, काका."

"म्हणजे आता आमच्यावर?"

काकू म्हणाल्या, "एकेकाच्या हाताला यश नसतं हो. जाऊ द्या."

खरं सांगते, मला माझाच संशय आला. डोळ्यांसमोर थेंब पडलेले असून. घरी गेले तरी मनात तेच. एखादी वायर उलटी लागली का? कार्ड पूर्ण बसलं होतं ना? मी आईला काही सांगितलं नाही. जेवताना मी हाताची बोटं बघत होते आणि मला आधी कळलंच नाही की मी ती बघतेय.

दसऱ्यानंतर कार्ड घेतलेलं दुकान उघडलं तेव्हा काकांनी मला ठाणे स्टेशनजवळ बोलावून घेतलं. गाडीत बसवलं. सानिका मागे माझ्याशेजारी होती. तिच्या मांडीवर जळलेल्या कार्डाचा खोका.

काका आरशातून बघत म्हणाले, "दुकानात तूच बोल. तुला त्यातलं कळतं. सांगायचं, माल आला तेव्हापासूनच खराब होता. आम्ही काही केलं नाही. वॉरंटीत बदलून देतील."

मी खोक्यावरचं वॉरंटीचं स्टिकर बघत होते.

सानिका कानाशी कुजबुजली, "बोल ना गं. कार्ड बदलून मिळालं की तुझीपण फिल्म होईल. मम्मीचं काय मनावर घेतेस? ती तशीच आहे."

मी मान हलवली. होय म्हणून हलवली. हेही लिहिलं पाहिजे. दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत मी खोटं बोलायला तयार होते.

दुकानदाराने कार्ड दिव्याखाली धरलं. उलटं केलं. नाकाशी नेलं. पिवळसर डाग होते, सुकलेले, कडेने पांढरट.

"इसपे क्या गिरा है?"

काका पटकन म्हणाले, "एसी का पानी. हमारे उधर लीक होता है." आणि माझ्याकडे बघितलं. आता बोल, अशी नजर.

त्या नजरेत राग नव्हता. खात्री होती. ही बोलेल. हिला मशीन हवंय. हिच्यासारख्यांना काहीतरी हवंच असतं आणि त्यासाठी त्या बोलतात. ती खात्री मला आंब्याच्या पानापेक्षा जास्त लागली.

"गोमूत्र," मी म्हटलं.

"क्या?"

"गोमूत्र है. यांच्या घरात शिंपडलं."

काउंटरपलीकडचे दोघे हसले. "कम्प्युटर में? अरे बाबा! क्यों?"

मी मराठीतच बोलले. "कारण हे मी जोडलेलं. माझा हात लागलेला. मी बौद्ध आहे म्हणून."

हसू थांबलं. कुणी काही म्हणेल असं मला वाटलं होतं. दुकानदार कार्ड खोक्यात परत ठेवत म्हणाला, "लिक्विड है तो वॉरंटी नहीं मिलेगी, साब." बस. बाजूला एक मराठी गृहस्थ माऊस बघत उभे होते. ते हळूच, अगदी समजुतीने म्हणाले, "बाळ, हे इथे कशाला काढायचं?"

मग कुठे काढायचं? घरात काढलं तर पाहुणी उद्धट. गाडीत काढलं तर मैत्रीण दुखावते. दुकानात काढलं तर धंद्याची जागा. विहारात काढलं तर तिथे सगळ्यांना आधीच माहीत आहे. ही गोष्ट काढायला जागाच ठेवलेली नाही. ती कुणी तरी आधीच बंद करून ठेवली आहे.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "घरात घेतलं तुला. जेवायला घातलं."

"पोहे," मी म्हटलं. "आणि त्या बदल्यात दिवसभर काम केलं मी."

असं मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला बोलले नव्हते. गाडी निघून गेली. सानिकाने काच खाली केली नाही.

त्या दिवशी घरी सगळं सांगितलं. बाबा ऐकून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. आई म्हणाली, "आणि परीक्षेचं काय आता?"

काही दिवसांनी सानिकाचा मेसेज आला. नवीन कार्ड घेतलंय. दुसऱ्या कुणाला ते बसवता येत नाहीये. तू ये ना. पप्पापण विसरलेत. तुझी फिल्मपण कर.

नाल्याचा शेंदरी रंग डोळ्यांपुढे आला, तिच्या पडद्यावर दिसला असता तसा. मग लिहिलं: मी बसवून गेल्यावर तुझी मम्मी काय करेल?

उत्तर लगेच आलं. "अगं, तू असताना नाही करणार ती. तुला कळणारपण नाही."

ती चांगल्या मनाने लिहीत होती. तेच भयंकर आहे. तिच्या लेखी यात माझी सोय होती.

मी गेले नाही. मी जाणार नाही. जिथे मी उठल्यावर माझी जागा धुतली जाते तिथे मी बसणार नाही, तिथलं मशीन कितीही चांगलं असलं तरी. आणि गप्प राहून निघूनही येणार नाही. वर्गात कुणी भाग निवडून मागितले तर देईन, पण आधी विचारेन: जोडायला मी घरात आले तर चालेल का, तुझ्या आईला विचारून ये. ज्याला विचारायला लाज वाटेल त्याने दुसरीकडे जावं.

लॅबमध्ये फिल्म सरकत नाही. सीन तोडून तोडून करते, तरी अर्धी होईल एवढंच दिसतंय. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, सगळ्या वर्गासमोर फिल्म दाखवायची असते आणि मग प्रश्न होतात. ते विचारतील, अर्धीच का? आमचे सर आत्तापासून सांगतायत, "तब्येत बरी नव्हती म्हण, मार्क मिळतील."

माझी तब्येत ठणठणीत आहे. अर्धी फिल्म दाखवून मी उभी राहीन आणि ती अर्धी का राहिली ते पहिल्यापासून सांगेन. सानिका समोर बसलेली असेल. मी तिच्याकडे बघूनच सांगेन.