सिडारच्या सालीची टोपली

सिंगापूरमधल्या ईस्ट कोस्ट भागातल्या एका दुकानात सिडारच्या लाकडाचा वास आला आणि मला आमची पासिर रिसची शेजारीण आठवली. ती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नू-चा-नूल्थ या आदिवासी लोकांपैकी. नातीचं नाव ठेवलं तेव्हा तिने सगळ्यांना जेवू घातलं आणि प्रत्येकाला सिडारच्या सालीची विणलेली टोपली दिली. मी महाशहाणी! आपण ब्लाउजपीस फिरवतो तशी ती टोपली मी हळदीकुंकवाला दुसरीच्या हातात खपवली. पुढे लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, "नातीचं नाव लक्षात आहे ना?" मी दात काढून म्हटलं, "फार गोड आहे हो!" ती हसली नाही. "जेवताना सांगितलं होतं मी. आमच्यात भेटवस्तू स्वीकारणारा त्या नावाचा साक्षीदार होतो." त्या जेवणात माझं सगळं लक्ष माशाच्या तुकड्यावर होतं! तिने नाव पुन्हा सांगितलं. आज ते मला पाठ आहे, पण तिने परत कधी विचारलं नाही.