बारा अंडी आणि आईचं फडकं

आमच्या घरात अंडं शिरलं ते माझ्यामुळे. बेहालाच्या बंगाली वस्तीत चारी बाजूंना मासे तळले जात असतानाही आईने सहा वर्षं स्वयंपाकघराची वेस सांभाळली होती. आणि दुर्गापूजेच्या सुट्टीच्या तोंडावर मी बसमधून, मांडीवर डबा धरून, एक सोडून बारा अंडी घेऊन आले.

इलाज नव्हता. मी तेव्हा एका संस्थेत संशोधनाची उमेदवारी करत होते. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, आणि अंडी तर उबेत राहायला हवी होती. माझा विषय डोळ्यातलं भिंग. कोंबडीच्या गर्भात डोळ्याची वाटी वाढत वाढत वरच्या कातडीला टेकते, तिच्याकडून कातडीच्या पेशींना काहीतरी निरोप जातो, आणि मग तिथे भिंग तयार होतं. त्या दोघींच्या मधे मी अगारचा, म्हणजे घरी ज्याला चायना ग्रास म्हणतात त्याचा, इवलासा पापुद्रा सरकवला होता. सहा अंड्यांत जाड, सहांत पातळ. निरोप कशातून पार होतो ते बघायचं होतं. जाडवाल्यांवर पेन्सिलीने फुली, पातळवाल्यांवर गोल. कवचाला पाडलेली खिडकी चिकटपट्टीने बंद.

माझं सगळं या बारा अंड्यांवर अडलं होतं. बाबा बँकेत, त्यांची नागपूरला बदली झालेली. माझ्या मार्गदर्शक सरांनी पीएच.डी.ला घेतल्याचं पत्र दिलं तर मुलीला होस्टेलवर ठेवू, नाहीतर सगळेच नागपूरला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सर म्हणत, आधी प्रयोग दाखव, मग पत्र.

आईने अंडी बघून नाक मुरडलं, पण आत जीव वाढतोय म्हटल्यावर विरघळली. थंडीत विरजणाचं भांडं गुंडाळून ठेवायची विद्या तिच्याकडे होतीच. पत्र्याच्या मोठ्या डब्यात गरम पाण्याच्या पिशव्या, वर गोधडी, आत माझा थर्मामीटर. वीज गेली काय, आली काय, तिच्या डब्यातला पारा हलत नव्हता. मी निर्धास्तपणे मैत्रिणींबरोबर पूजेचे मांडव बघायला गेले.

परत आले तर बाराही अंडी स्वच्छ. नको इतकी स्वच्छ.

"बाहेरनं आलेली वस्तू पुसल्याशिवाय घरात कशी ठेवायची? वर कुणी रेघोट्या मारल्या होत्या," आई म्हणाली. "पट्टीला मात्र धक्का लावला नाही हो."

मी अशी आदळआपट केली की विचारू नका. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खुणांचा अर्थ मीच तिला सांगितला नव्हता, पण हे कबूल करायला तेव्हा कोण तयार होतं.

सुट्टी संपल्यावर अंडी उघडली. सहा गर्भांत भिंग होतं, पाचांत नव्हतं, एक दगावला होता. निकाल अगदी मला हवा तसा दिसत होता, फक्त जाड पापुद्रा कुठे होता ते कळायला मार्ग नव्हता. वहीत भिंग नाही तिथे फुली आणि आहे तिथे गोल काढायचा, की झालं. खोलीत कुणी नव्हतं. पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ बसले. मग उठून सरांना घडलं ते सगळं सांगितलं. सर आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून कर. तोवर पत्र नाही."

घरी आल्यावर आईला मी फुली-गोलाचा अर्थ सांगितला, पेन्सिल धरून बसल्याचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. बाबा शेजारी सामानाची यादी करत होते. "म्हणजे पत्र नाही," ते म्हणाले. "मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी निघायचं."

लग्नानंतरच्या पाच बदल्यांत आईने कधी हूं की चूं केलं नव्हतं. भाजीचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "अहो, खोटं लिहून पत्र आणलं असतं तर तुम्ही तिला ठेवलं असतंत. खरं बोलली म्हणून घेऊन जायचं?"

मला रडू फुटलं.

"खुणा मी पुसल्या, तर निस्तरणारही मीच," आई म्हणाली. "यादीतनं तिची ट्रंक काढा."

बाबांनी काढली.