सेलीमेनने दार उखडलं

आमच्या डोंगरात चेटकीण ठरायला फार काही करावं लागत नाही. मूलबाळ नसलं आणि जीभ तिखट असली की निम्मं काम होतं. वादळात सगळ्यांची कॉफीची झाडं आडवी झाली, सेलीमेनची तेवढी उभी राहिली, तेव्हा उरलेलंही झालं.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या आनेल्युसची तान्ही पोर तापाने गेली. चार दिवस आधी सेलीमेनने तिचा गालगुच्चा घेतला होता. पोरीला पुरून आल्यावर आनेल्युस म्हणाला, "ही बया रात्री कातडं उतरवून दाराआड टांगते आणि पोरांचं रक्त प्यायला उडत जाते." हैतीत आम्ही सगळे या गोष्टी ऐकतच वाढलो. कुणी हसलं नाही. मीही नाही. शनिवारपर्यंत गाव सोड, असा निरोप तिला गेला.

शनिवारी भर बाजारात सेलीमेन उतारावरून आली, डोक्यावर घराचं दार घेऊन. बिजागऱ्यांसकट उखडलेलं. तिने ते आंब्याच्या खोडाला टेकवलं.

"ये रे आनेल्युस. कातडं शोध. पुढून बघ, मागून बघ!"

"दिवसा ते तुझ्या अंगावरच असतं. रात्री टांगतेस."

"कशाआड टांगू? घराला दारच नाही आता. हवं तेव्हा येऊन बघ."

गावचा म्हातारा दोर्सिलियन मध्ये पडला. "सेलीमेन, कशाला वाढवतेस? थोडे दिवस बहिणीकडे जा."

"आणि माझी झाडं कोण राखणार? तुम्ही?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दोर्सिलियनने मान खाली घातली.

तेवढ्यात आनेल्युसची बायको वेलीना गर्दीतून पुढे आली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पोर तापाने गेली. माझ्या मांडीवर गेली. तुम्ही कोंबड्यांच्या झुंजीला होता. दोन दिवस माझ्याजवळ हीच बसून होती."

हळूहळू लोक आपापल्या पाट्यांकडे वळले. सेलीमेनने दार तिथेच कोळसेवाल्याला देऊन टाकलं आणि रिकाम्या हातांनी घराकडे चढली.

आनेल्युसने माफी मागितली नाही. काही बाया सेलीमेनला पाहून पोरं मागे ओढतच राहिल्या. ती अकरा वर्षं बिनदाराच्या घरात राहिली. पाऊस आत यायचा, शेळ्या यायच्या. नवं दार का बसवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"बसवीन की," ती म्हणाली, "पण तुम्ही अजून बघायला कुठे आलात?"

मी त्याच दुपारी गेलो. तिने मला कॉफी दिली.