बसलेला घसा आणि न मिळालेली कॅप्सूल

टोमॅटो मी पोटासाठी लावतो. जीव आहे तो बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या, म्हणजे धावपट्टीवरच्या, माईकवर. एकेका गाड्याची बारी सुटली की माझं ‘भिर्रर्र’ ऐकल्याशिवाय आमच्या लोकांना बैल पळाल्यासारखे वाटतच नाहीत. आणि ऐन यात्रा तोंडावर आलेली असताना सर्दीने माझा घसा पार बसवला. राजुरीचा दुसरा निवेदक माईकवर टपलेलाच होता. मला तर धडकीच भरली.

बायकोला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि मिठाच्या गुळण्या, वाफ आणि मौन सांगितलं.

“मॅडम, ती भारी अँटिबायोटिक कॅप्सूल द्या की,” मी फुसफुसलो. “मागचे डॉक्टर न मागता द्यायचे.”

“काका, टोमॅटोवर अळी पडली तर करप्याच्या बुरशीचं औषध मारता का?”

“आमी दोन्ही एकत्रच मारतो.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “तेच करायचं नाही! ही व्हायरसची सर्दी आहे, त्याला ती कॅप्सूल लागू पडत नाही. उगाच खाल्लीत तर अंगातले बाकीचे जंतू निर्ढावतील. उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर काय देऊ? ताप आला, धाप लागली तर मात्र लगेच या.”

मला असा राग आला! पण भांडायला आवाज कुठे होता? आळेफाट्याला जाऊन मेडिकलमधून कॅप्सूल घ्यायची, असं ठरवून बाहेर आलो, तर गाडीची किल्ली बायकोच्या पिशवीत.

“गप ऱ्हायचं औषध दिलंय बाईनं,” ती म्हणाली. “लग्नापास्नं ह्याचीच वाट बघत व्हते मी.”

घरात सगळे खुशीत आणि मी गुळण्या करतोय. यात्रेच्या सकाळी गोठ्यात भीतभीतच ‘भिर्रर्र’ म्हणून पाहिलं. बैलांनी कान टवकारले. खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं.

त्या दिवशी घाट मी दणाणून सोडला. फायनलला कठड्याला खेटून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, आमच्या पोरांपेक्षा जोरात. शर्यत संपल्यावर त्या स्टेजजवळ आल्या. ओठ हलले, पण आवाज काही फुटेना. त्यांनी घशाकडे बोट दाखवलं.

मी माईक उचलला. “ऐका हो पावणं! मॅडमचा घसा बसलाय. गुळण्या, वाफ आन मौन. कॅप्सूल मागितली तर कुणीबी देऊ नका!”