ओजिमातला न झालेला नाताळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. पण आता थांबणार नाही.

जपानात मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली त्या वर्षीचा डिसेंबर. मी टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहून पीएच.डी. करत होते. घराण्यातली पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून शिकून जपानी शिष्यवृत्तीवर आलेली. या देशाचे उपकार कसे फेडू, असं व्हायचं मला! त्या वर्षी जिकडेतिकडे एकच शब्द — जिशुकू. एवढी माणसं गेली, तर आपणहून आनंद आवरायचा. चेरीच्या फुलांखालच्या मेजवान्या रद्द, फटाके रद्द. केवढं थोर वाटलं होतं मला ते — अंगावर काटा यायचा.

आणि खालच्या मजल्यावरच्या रूथताई — नगरच्या ख्रिस्ती, नवरा आयटीत — नाताळ करायला निघाल्या! वसाहतीच्या हॉलमध्ये करंज्या, गाणी, पोरांचा धिंगाणा. फुकुशिमातलं घर सोडून आलेल्या एक आजी आमच्याच जिन्यात राहायच्या. त्यांनाही बोलावणं होतं. खाणाखुणांनी त्या करंजीला मुरड घालायलाही शिकल्या होत्या.

"ताई, अशा वर्षी शोभतं का हे?"

"अगं बाई, तुला पदवी विज्ञानाची देणारेत की संन्यासाची? जा, अर्ज देऊन ये."

आमच्यात जपानी लिहिता येणारी मी एकटीच. अर्ज दिला. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी लगेच शिक्का मारला, वर म्हणाले, "गाणी जरा मोठ्याने म्हणा. त्या आजी फार गप्प असतात."

परवानगी मिळाली होती — कळतंय ना तुम्हाला? तो कागद मी पिशवीत घातला आणि रूथताईंना सांगितलं, मंडळ नाही म्हणालं.

लाज वाटली? छे! जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घेत होते मी. पुढे कधीतरी वाचलं, इंग्लंडात एके काळी कर्मठ ख्रिस्ती मंडळींनीच नाताळ बंद पाडला होता. त्यांनाही असंच स्फुरण चढलं असेल का? पण त्यांना निदान देवाची भीती होती. मला — मला फक्त जपान्यांहून जास्त जपानी दिसायचं होतं.

कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप आजींना द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी दिला नाही. त्यांनी अध्यक्षांना विचारलं असतं तर?

पंचवीस तारखेच्या दुपारी गॅलरीतून पाहिलं — बंद हॉलसमोर आजी उभ्या. लाल मफलर, हातात संत्र्यांची पिशवी. दाराला कान लावून ऐकत होत्या. किती वेळ! मी वाळत घातलेल्या चादरीमागे सरकले.

संध्याकाळी रूथताई डबा घेऊन आल्या. "मंडळाचा राग नाही गं मला. तू एवढी धावपळ केलीस, तू तरी खा."

डब्यात सहा करंज्या होत्या. त्यातल्या दोन करंज्यांची मुरड वाकडी — आजींच्या हातची.

मी सगळ्या खाल्ल्या.